चाचांनी पास केलेला दोर

अतिक कड्यावरून पडून गेला त्याला आता पाच महिने होतील. तेव्हापासून त्याचे वडील निजामोद्दीन चाचा आपल्या चार वर्षांच्या नातीला उचलून घेत नाहीत. सुरुवातीला अर्शिया दोन्ही हात वर करून त्यांच्यासमोर उभी राहायची, ‘दादाअब्बा, उठाओ’ म्हणायची, आणि चाचा आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. "या हाताचा भरोसा न्हाई राह्यला, बद्री," असं एकदा मला म्हणाले.

हसनाबादच्या लोकांना वाटतं, म्हातारा पोराच्या दुःखानं खचला. खचला तर आहेच, पण नुसता दुःखानं नाही. ज्या दोरानं अतिकला दगा दिला तो दोर चाचांनी स्वतःच्या हातानं तपासून पास केला होता. तो दोर का तुटला, हे मला ठाऊक होतं, आणि मी ते जवळपास चार महिने पोटात घेऊन हिंडलो. भित्रा माणूस आपल्या भित्रेपणाला फार चांगली चांगली नावं देतो. मी त्याला दया म्हणत होतो.

मी बद्रीनाथ, मूळचा तीर्थपुरीचा. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात कामाला आहे. सरकीला जी कापसाची लव चिकटून राहते ती आमच्याकडं ॲसिडनं जाळून काढतात, मग सरकी काळी, सुटी होते आणि पाकिटात भरली जाते. अतिक पलीकडच्या सळईच्या मिलमध्ये लेथवर होता. रोज हसनाबादहून मोटारसायकलवर यायचा. चहाच्या टपरीवर ओळख झाली आणि दहा वर्षं टिकली.

कडे चढायचं खूळ त्याच्या डोक्यात मोबाइलमधून शिरलं. कुठल्याशा परदेशातला माणूस उभ्या कातळावर चढतोय, फटीत लोखंडाचा तुकडा अडकवतोय, त्यात दोर घालतोय, आणि त्याच्या मागून येणारा ते सगळे तुकडे काढून घेतोय. हे त्यानं मला टपरीवर पंधरा वेळा दाखवलं.

"दगडाला भोक पाडायचं न्हाई, खिळा ठोकायचा न्हाई," तो म्हणायचा. "त्याच्याकडं जी फट आहे तीच वापरायची. आपण गेल्तो ते दगडाला कळू पण द्यायचं न्हाई."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," मी म्हणालो. "बारा तास उभं राहून तुझं पोट भरत न्हाई का?"

शिकवणारी शिबिरं पुण्याकडं भरतात, हे त्यानं शोधून काढलं होतं. पण दहा दिवस सुट्टी मिलवाला देतो होय? मग आमचं शिक्षण आम्हीच सुरू केलं. फटीत अडकवायला मोठमोठे नट अतिकनं मिलच्या भंगारातून निवडले. त्यांचे आतले आटे लेथवर घासून गुळगुळीत केले, म्हणजे दोरी कापली जाणार नाही. प्रत्येकाला सळयांचा भारा टांगून पाहिला. डोक्याला मिलचंच पिवळं हेल्मेट. कमरेचा पट्टा तेवढा बाहेरून मागवला.

आणि दोर चाचांनी निवडला. चाचा चाळीस वर्षं विहिरींच्या कामावर क्रेन चालवत. या भागातल्या किती विहिरींत त्यांनी माणसं उतरवली असतील, याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही. पण एकही माणूस पडला नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. त्यांची एक रीत होती. माणूस खाली सोडायच्या आधी डोळे मिटायचे आणि सगळा दोर उघड्या तळहातातून सावकाश सरकवायचा. कुठं एक पीळ ढिला असला, कुठं खडा रुतलेला असला तरी हात थांबायचा. हात थांबला की दोर बाद. नाही थांबला तर म्हणायचे, "पास." ते म्हटल्याशिवाय मजूर विहिरीच्या काठावर पाय ठेवत नसत. दुसऱ्या गावची माणसंसुद्धा नवा दोर घेतला की आधी हसनाबादला आणायची.

जालन्याच्या बाजारात त्यांनी चार दुकानं फिरून पांढरा नायलॉनचा दोर घेतला. दुकानदार वैतागला, कारण चाचांनी भर दुकानात डोळे मिटून साठ मीटर दोर हातातून काढला.

पहिले दोन महिने तर आम्ही जमीन सोडलीच नाही. हसनाबादच्या शिवारात चाचांच्या ओळखीतली एक कोरडी विहीर होती, पन्नास फूट खोल, चहूबाजूंनी काळा पाषाण. तिच्या तळाशी उभं राहून आम्ही नट अडकवायला शिकलो. फट खाली निमुळती हवी. नट वरून सोडायचा, खाली ओढून बसवायचा, मग त्यावर स्वतः लोंबकळून पाहायचं. माझे निम्मे निघून यायचे आणि मी बुडावर आपटायचो. चाचा काठावर बसून हसायचे. मग चढणं सुरू झालं. मी फक्त हातांनी ओढून घ्यायचा प्रयत्न करायचो आणि दहा फुटांत दम टाकायचो.

"पायानं चढ रे!" चाचा वरून ओरडायचे. "हात फकस्त धरायला दिलेत. तू काय बादली हायेस का, हातानं वर यायला?"

अतिकला मात्र ते जमत गेलं. दिवसभर मशीनपुढं खांदे पाडून उभा राहणारा हा माणूस दगडावर गेला की निराळाच दिसायचा. घाई नाही, बडबड नाही. एकेका फटीत बोटं घालून बघायचा, नट बदलायचा, पुन्हा बघायचा. मी खाली, तळाशी उगवलेल्या बाभळीच्या बुंध्याला स्वतःला बांधून त्याचा दोर धरायचो. मला चढण्याची आवड कधी लागली नाही, खरं सांगतो. मला त्याचा दोर धरायला आवडायचं.

हे सगळं एका माणसाला बिलकूल पसंत नव्हतं, ती म्हणजे अतिकची बायको आसिफा भाभी. आम्ही रविवारी निघालो की ती भांडी आपटायची. माझ्याशीही महिनाभर नीट बोलली नाही. शेवटी गावाबाहेरच्या डोंगराचा एक साठ फुटी कडा अतिकनं हेरला आणि आम्ही पुढच्या रविवारी तिथं जायचं ठरवलं, तेव्हा काय झालं कोण जाणे, ती निवळली. विहिरीतल्या चिखलानं दोर मळून काळाकुट्ट झाला होता. "जाणारच आहेत तं निदान दोर तं साफ घेऊन जा," म्हणाली आणि तिनं तो धुवायला घेतला. अतिकनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खूश होता, जणू तिनंच त्याला कड्यावर चढवलं.

ती गोष्ट शनिवारची. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी एक निळा ड्रम दिला होता. आमच्या कारखान्यातले रिकामे ड्रम लोक पाणी साठवायला नेतात; आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्यामुळं ड्रम म्हणजे लग्नातल्या आहेराच्या तोडीची भेट. भाभीचा राग जावा म्हणून मी स्टोअरकीपरच्या मागं लागून रुंद तोंडाचा मिळवला होता. असा ड्रम आधी चुन्याच्या पाण्यानं धुवायचा असतो. मला ते माहीत होतं. पण शिफ्ट सुटत होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी दोनदा पाणी हिंदकळवलं आणि तसाच चढवला. उपडाही केला नाही. तळाला चार बोटं पाणी राहिलं होतं.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी चाचांनी अंगणात डोळे मिटून दोर हातातून सरकवला. स्वच्छ, पांढरा, मऊ. हात कुठं थांबला नाही. "पास," ते म्हणाले.

कड्यावर अतिक पस्तीसेक फूट गेला असेल. तीन नट लावून झाले होते. चौथा लावायला त्यानं कमरेला हात नेला आणि त्याचा पाय सरकला. हे असं विहिरीत दहा वेळा झालं होतं. तो घसरायचा, मी दोर आवळायचो, तो लोंबकळत हसायचा. मी दोर आवळला. तो ताणला गेला, मी अर्धं पाऊल पुढं ओढला गेलो, आणि एकदम माझ्या हातातलं वजन नाहीसं झालं. वरचा नट फटीत तसाच घट्ट होता. अतिकच्या कमरेची गाठही जशीच्या तशी होती. दोर मधेच तुटला होता. मी त्याच्यापाशी पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. जालन्याला नेईपर्यंत तो राहिला नाही.

पुढं लोकांनी जे बोलायचं ते बोललेच. भंगारातल्या नटावर चढायला गेला, म्हणे. नटाचं नाव कुणी काढलं की माझं डोकं फिरायचं. नटांनी काय केलं होतं? दोन-चार भांडणंही केली मी. चाचा मात्र कुणाशी भांडले नाहीत. "दोर मी पास केल्ता," एवढंच सांगत राहिले. गावातल्या विहिरीवरची माणसं नवा दोर घेऊन आली, तेव्हा त्यांना चहा पाजला आणि दोराला हात न लावता परत पाठवलं.

अतिकच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाभी एक चादर घेऊन आली. सुती, नवी, पण हात लावू तिथं भोक पडत होतं, चाळणी झाली होती नुसती.

"बद्रीभाऊ, हे बघा," ती म्हणाली. "चार महिने पण झाले न्हाईत घेऊन. ड्रममधी दोर धुतला ना, त्याच पाण्यात मंग ही बुचकळली. वाळली तशी जाळी जाळी झाली. दुकानदारानं सडका माल दिला. माझ्यासोबत येता का, त्याला जाब विचारू?"

माझ्या कामाच्या पँटी अशाच जातात. ॲसिडचा शिंतोडा उडतो, धुतला तरी राहतो. ओलं असेपर्यंत काही दिसत नाही, वाळलं की ते कपडा खात बसतं. मी चादर हातात धरून उभा राहिलो.

"साबणाला फेस आल्ता का, भाभी?" मी कसंबसं विचारलं.

"कुठला फेस! आपल्या बोअरचं पाणी कसलं खारं. दीड वडी घासली, नुसत्या गुठळ्या. हाताची पण आग झाली."

ॲसिडच्या पाण्यात साबण फेस धरत नाही; पण आमच्या भागात फेस नाही आला तर कुणी ड्रमाकडं बघत नाही, बोअरला शिव्या देतात. तिनंही तेच केलं. दुसऱ्या गावची बाई असती तर पाणी ओतून दिलं असतं.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचलं. नायलॉनच्या दोराला ॲसिड लागलं तर वरून काही कळत नाही, पाहून नाही, हात लावून नाही. आतून मात्र तो मरतो. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. अतिकनं नटांबद्दल सगळं वाचलं होतं, चाचांना तागाचे आणि काथ्याचे दोर पाठ होते, आणि ॲसिडची माहिती तिघांत फक्त मला होती.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो आणि कारखान्यानं ड्रम परत मागितलेत, अशी थाप मारून तो ड्रम उचलून आणला. दिलेली वस्तू परत नेणारा माणूस म्हणून भाभी माझ्याकडं बघत राहिली. बघू दे, म्हटलं. ड्रम मी कापून टाकला.

चाचांना सांगावं तर भाभीला कळणार. भाभीला कळलं तर ती कशी जगेल? नवऱ्यावरचा राग सोडून जो एक दिवस तिनं त्याच्यासाठी प्रेमानं काही केलं, त्याच दिवसानं त्याला मारलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी गप्प बसलो. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण ड्रम. तो मी आणला होता, मी धड धुतला नव्हता. वंदनाला, माझ्या बायकोला, तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प बसा." मला तेच ऐकायचं होतं.

असंच चाललं असतं. पण मागच्या आठवड्यात अर्शिया अंगणातल्या कट्ट्यावर खेळता खेळता तोल जाऊन पडली. चाचा हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी हात पुढं केला आणि मधेच मागं घेतला. भाभीनं ते दारातून पाहिलं. पोरीच्या कपाळाला चार टाके पडले. भाभीनं मला फोन केला आणि रडत रडत म्हणाली, "अब्बांना काई तरी समजवा, बद्रीभाऊ. तुमचंच ऐकतात ते. माझं लेकरू एक दिवस यांच्यासमोर मरून जाईल, अन् हे हात मांडीखाली घालून बसतील."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून चाचा आले, तेव्हा मी अंगणात बसलो होतो. भाभी आत स्वयंपाकघरात होती, अर्शिया कपाळाला पट्टी लावून कोंबड्यांमागं पळत होती. चाचा बाजेवर बसले आणि सवयीनं उजवा हात मांडीखाली गेला.

मी घाईनं बोललो, थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. "चाचा, तुमचा हात चुकला न्हाई. दोराला तेजाब, ॲसिड लागल्तं. ते हाताला कळतच न्हाई. तुमच्या काय, कुणाच्याच हाताला कळलं नसतं. दोर आतून मेल्ता."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं.

"तेजाब कुठून आलं?"

"मी ड्रम आणल्ता त्याच्यातून. चुन्यानं धुवायचा असतो, मी धुतला न्हाई. माझी गलती आहे, चाचा. सगळी माझी."

"अन् दोर ड्रममधी कुणी टाकला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सात दिवस मी त्याचं उत्तर तयार करत होतो. "मीच," मी म्हणालो. "अतिक म्हणाला, दोर मळला. मी भिजवून ठेवला."

"शनवारी तू ड्यूटीवर होतास," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "दोर आसिफानं धुतला. साबण फेस देत न्हाई म्हणून माझ्याकडून दुसरी वडी घेऊन गेल्ती. वाळत मी घातला, या बाजेवर."

मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायची मला लाज वाटत होती.

"तिला माहिती आहे?"

"न्हाई."

चाचांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला. तळहातावर चाळीस वर्षांच्या दोरांचे घट्टे होते. त्यांनी तो डोळ्यांशी नेला आणि ओठ हलवून काहीतरी पुटपुटले. मग अर्शियाला हाक मारली. ती धावत आली, समोर उभी राहिली, पण हात वर केले नाहीत; पाच महिन्यांत तिनं ते सोडूनच दिलं होतं. चाचा वाकले, तिच्या काखेत दोन्ही हात घातले आणि तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या केसांत तोंड खुपसून ते रडले. मी मेल्यावर माझा हिशेब होईल तेव्हा माझ्या बाजूला तेवढा एक क्षण मांडला जावा, असं मला वाटलं.

"अब्बा!"

भाभी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पाच महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ट्रे तिथंच खाली ठेवून ती पुढं आली. "उचललं तुम्ही! बद्रीभाऊ, काय सांगितलं यांना? मला पण सांगा ना, असं काय सांगितलं?"

चाचांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी पोरीला अलगद खाली उतरवलं. एकेक बोट सोडवावं तसे तिचे हात आपल्या गळ्यातून सोडवले.

"काय सांगणार तो," चाचा म्हणाले. "मीच चुकून उचललं. घे तिला, जल्दी. हा हात बराबर न्हाई, बेटी. दोर मीच पास केल्ता." आणि हात पुन्हा मांडीखाली घातला.

भाभीचं हसू गेलं. ती त्यांच्या पायाशी बसली, मांडीखालून तो हात तिनं ओढून काढला आणि दोन्ही हातांत धरून चोळायला लागली. घरात ते उर्दू बोलतात, पण मला समजावं म्हणून की काय, ती मराठीतच बोलत होती.

"किती दिवस हेच म्हणत बसणार, अब्बा? होऊन जाते माणसाच्या हातानं गलती. तुम्ही काय मुद्दाम केलं का? ज्याच्या हातानं झालं, त्यानं काय जगायचंच न्हाई?"

चाचा तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत होते. "हो, बेटी," ते म्हणाले, "बराबर आहे तुझं."